उजव्या हातातली मनगटी

ओरछा गेट, झाशी
२८ डिसेंबर २०२५

अनुया,

वर चि. सौ., आशीर्वाद वगैरे काही लिहीत नाही. लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीला तू कागद मिटला असतास, आणि मला हे शेवटपर्यंत वाचलं जायला हवं आहे. फोन तू उचलत नाहीस. निशांतला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "आई, उसने ब्लॉक कर दिया है." जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली, अख्ख्या झाशीचे फोन जोडून दिले, आणि घरच्या सुनेने माझीच लाइन कापली. हसू आलं तर हस, मी काही बघायला येत नाही.

डब्यात डिंकाचे लाडू आहेत. बाळंतिणीने राग कुणावरही धरावा, लाडवांवर धरू नये. पत्र लाडवांच्या खाली ठेवलं आहे. तुझ्या नवऱ्याला माहीत नाही, त्याला डबा पोचवण्यापलीकडे काही कळू द्यायची गरज नाही.

बाळाला घरी आणलंत हे मला सीपरी बाजारातल्या तुमच्या खालच्या दुकानदाराकडून कळलं. निशांत नुसतं "ठीक आहे" म्हणतो. आठवीत गणितात नापास झाला तेव्हाही तो ठीकच होता. हाताची जखम भरली का? मांडीची कातडी काढून लावणार होते ती धरली का? बोटं हलतात का? कुणीतरी मला हे सांगा. आजी आहे मी त्याची.

तू दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणालीस, "आई, तुमच्या मनगटीने माझ्या मुलाचा हात खाल्ला." निशांत शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आई, तू घरी जा." मी घरी आले. तेव्हापासून घरीच आहे.

आता माझं ऐक. यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, जन्मापासून एक काळपट डाग होता. तू तुझ्या सासऱ्यांना पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. बाही दुमडली की दिसायचा. त्या सकाळी सिस्टरने दुपटं बाजूला केलं आणि मी बघते तर त्याच हातावर, त्याच जागी, निळसर काळा डाग. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, आले. मार्तंडराव परत आले. तूही ग्लानीत होतीस तरी हसलीस, आठवतं का? कडेला पाण्याने भरलेले फोड होते, ते मला दिसले नाहीत असं मी म्हणणार नाही. दिसले. मला वाटलं, जन्मताना कुठे घासलं असेल.

आमच्याकडे मूल झालं की काळ्या मण्यांची नि सोन्याच्या मण्यांची मनगटी बांधतात. तीच मनगटी यांच्या हातात होती, निशांतच्या हातात होती. मी ती डागाच्याच हातात बांधली, सैल बांधली. माझं करंगळीचं टोक आत जात होतं. दुपारी तू म्हणालीस, हा डाव्या हाताने माझं बोट धरतो, उजवा नुसता पडून असतो. मी तुला म्हटलं, नको ते बोलू नकोस. मग हात टम्म सुजला, मनगटी आत रुतली, सिस्टरने कात्रीने कापली आणि मणी फरशीवर सांडले. पुढचं तुला माहीत आहे.

मी मुद्दाम केलं का? एवढं तरी सांग.

आई

&nbsp;

ओरछा गेट
९ जानेवारी २०२६

अनुया,

डबा रिकामा आला, घासूनही आला. लाडू पोटात गेले, पत्र कुठे गेलं ते तू जाण. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी उत्तर शोधायला स्वतः गेले.

काल डॉक्टर कौशिकांना भेटले, ज्यांनी बाळाच्या हाताचं ऑपरेशन केलं त्यांना. कुणाला न सांगता गेले. लहान मुलांचे सर्जन ते, रांगेत सगळ्यांच्या मांडीवर पोरं, आणि मी पर्स घेऊन बसलेली. कंपाउंडर म्हणाला, "अम्मा, बच्चा कहाँ है?" मी म्हटलं, घर पर है, और घर में मुझे आने नहीं देते. त्या बिचाऱ्याने मला लवकर आत सोडलं.

मी सांडलेले मणी वेचून रुमालात बांधून ठेवले होते. ते डॉक्टरांच्या टेबलावर उलगडले आणि विचारलं, इसी ने किया न?

त्यांनी मण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अम्मा जी, इसका कोई क़सूर नहीं. यह माँ के पेट में ही हो चुका था."

मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. कागदावर चित्र काढून सांगितलं. हाताच्या आत स्नायूंवर एक आवरण असतं आणि ते ताणत नाही. उशीच्या अभ्र्यात कापूस कोंबावा तसे आत स्नायू सुजले की दाब वाढतो आणि रक्त पुढे जाऊ शकत नाही. रक्त मिळालं नाही की स्नायू मरायला लागतात, नसा दबतात, बोटं हलेनाशी होतात. मोठ्या माणसाला हाड मोडल्यावर होतं हे, नवजात बाळाला अगदी क्वचित. पोटात हात कुठे दाबला जातो, कधी पाणी कमी असतं, कधी नाळेचा वेढा पडतो, कधी काहीच कारण सापडत नाही. आणि तो डाग, जो बघून मी देव पाण्यातून काढायला निघाले होते, तो त्याचीच खूण. जन्मतःच हातावर फोड आलेला काळा डाग, सूज, हात लाकडासारखा कडक आणि बोटं हलत नाहीत, एवढं एकत्र दिसलं की थांबायचं नसतं, ते आवरण उघडून दाब मोकळा करायचा असतो. मनगटी त्या हातात गेली तेव्हा आतलं सगळं आधीच सुरू झालं होतं. सूज वाढली म्हणून ती रुतली. ती रुतली म्हणून सूज आली नाही.

मी विचारलं, सकाळी डाग दिसला आणि दुपारपर्यंत मी कौतुक करत बसले, त्याचं काय? ते म्हणाले, जितक्या लवकर उघडावं तितकं बरं, हे खरं आहे. पण तो डाग तिथल्या दोन डॉक्टरांनीही बघितला होता, एकाने जन्मखूण म्हटलं, एकाने इन्फेक्शन म्हणून इंजेक्शन दिलं. ते तुम्हाला कसं कळणार होतं, असं ते म्हणाले. असू दे. तेवढं माझ्या वाटणीचं मी घेते. मनगटीचं घेणार नाही.

आणि आता ऐक. निघताना ते म्हणाले, "मैंने तो आपके बेटे को ऑपरेशन के दिन ही सब बता दिया था."

तुझ्या नवऱ्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तू मला सगळ्यांसमोर बोलत होतीस तेव्हा तो शेजारी उभा होता आणि त्याला माहीत होतं. मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, त्याच्या टायफॉइडला रजा काढून उशाशी बसले, आणि त्याने मला दारातून घरी पाठवलं. येऊ दे गुरुवारी डबा न्यायला, बघतेच त्याला.

तुझ्या पोटात झालं होतं ते, अनुया. माझ्या मनगटीने नाही. आता तरी फोन चालू कर.

आई

&nbsp;

ओरछा गेट
१९ जानेवारी २०२६

अनुया,

डबा भरलेला परत आला. तिळाचे लाडू जसेच्या तसे. पत्र मात्र आत नव्हतं, म्हणजे तू वाचलंस.

मी निशांतला धरलं. स्वयंपाकघरात उभं करून विचारलं, का सांगितलं नाहीस तिला? तो रडला. एवढा मोठा माणूस ओट्याला टेकून रडला. म्हणाला, "आई, तिला कळलं असतं की पोटात झालं, तर ती स्वतःला खाऊन टाकती. तुझ्यावर रागावली तर निदान जेवते तरी. तू झेल लेती, मला माहीत होतं." मराठी, हिंदी, सगळं एकत्र. लहानपणापासून घाबरला की त्याची अशीच खिचडी होते.

मला वाटलं होतं मी त्याला शिव्या देईन. दिल्या नाहीत. कारण मी ते पत्र कसं लिहिलं होतं ते मला तेव्हा आठवलं. मी सुटले म्हणून इतकी खूश झाले होते की तुला काय वाटेल याचा विचारच केला नाही. "तुझ्या पोटात झालं होतं ते" असं लिहिलं मी तुला. टाके ओले असलेल्या पोरीला. माझ्यावरचं काढून तुझ्यावर टाकलं, आणि वर फोन चालू कर म्हटलं.

पोटात झालं म्हणजे तू केलंस असं नाही. डॉक्टर म्हणाले कुणीच केलेलं नाही. हे मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं. आता लिहिते आहे.

काल कमलवन्संकडे हळदीकुंकू होतं. त्या यांची बहीण, म्हणून दर वर्षी बोलावतात, आणि मी आत बसून तिळगुळाच्या पुड्या बांधते. मला कुणी कुंकू लावायचं नसतं, तेव्हा हातांना काम असलेलं बरं. बाहेर गप्पा चालल्या होत्या. तुमच्या नर्सिंग होममधल्या सिस्टरची जाऊ वन्संच्या गल्लीत राहते, तिने बातमी आणली होती की डॉक्टर म्हणतात पोराचा हात आईच्या पोटातच बिघडला.

आणि लगेच वन्सं म्हणाल्या, "मग ग्रहणाचंच. सप्टेंबरात एवढं मोठं चंद्रग्रहण लागलं होतं, आणि ही बया पोटुशी असून गच्चीवर लाल चंद्र बघत उभी. अलकाने सांगितलं तरी ऐकलं नाही."

हे खरं आहे. मी सांगितलं होतं, तू ऐकलं नव्हतंस, आणि मी ते वन्संना मोठ्या चवीने फोनवर सांगितलंही होतं. बाहेर एकेक सुरू झाली. कुणी म्हणे तिने कात्री धरली असेल, कुणी म्हणे तिच्या माहेरच्या त्या कारखान्याच्या कॉलनीतल्या मुलींना काही धरबंधच नसतो. त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या, तुझ्या आईवडिलांबद्दल बोलत होत्या. हे बोलणं आयुष्यभर थांबत नाही, मला माहीत आहे. तो शाळेत जाईल, त्याचं लग्न ठरेल, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणेल, आई ग्रहणात उभी होती.

मी पुडी बांधत होते ती तशीच टाकून बाहेर आले. म्हटलं, "वन्सं, डॉक्टर काही पोटातलं म्हणत नाहीत. मी स्वतः विचारून आले. मनगटी मी बांधली, घट्ट बांधली, आणि त्यानेच झालं."

वन्संनी मला पाणी दिलं. मी पुड्या पुऱ्या करून घरी आले.

तर आता जगाला हेच सांगायचं. तुला खरं माहीत आहे, निशांतला माहीत आहे, मला माहीत आहे, पुरे झालं. मी म्हातारी आहे, मला कुणाशी लग्न जमवायचं नाही. तू मध्ये बोलू नकोस.

पहिली संक्रांत त्याची. हलव्याचे दागिने केले आहेत, डब्यात वेगळे कागदात ठेवले आहेत. गळ्यातला हार आहे, टोपीवर लावायला तुरा आहे. हातातलं काही केलं नाही.

आई

&nbsp;

ओरछा गेट
१ फेब्रुवारी २०२६

अनुया,

हलव्याचे दागिने तू ठेवून घेतलेस. निशांतने फोटो दाखवला, काळ्या झबल्यात हार घालून कसा चिडून बघतोय. माझ्यावर गेला आहे.

त्याने मोबाइलवर व्यायामाचंही दाखवलं. दूध पाजायच्या आधी एकेक बोट सरळ करायचं, मनगट मागे घ्यायचं, तसंच धरून ठेवायचं, मग पट्टी बांधायची. तू मध्येच सोडून देतेस. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. निशांत म्हणतो तो इतका किंचाळतो की तूही रडतेस, आणि मग त्या वेळचा व्यायाम राहतो. डॉक्टर म्हणाले, राहू देऊ नका, बोटं आत वळली की तशीच आखडतील.

मी घरी सराव करते. हातमोज्यात कापूस भरून छोटा हात केला आहे आणि त्याची बोटं सरळ करत बसते. काल शेजारीण अचानक आत आली आणि बघून परत गेली. आता गल्लीत तीही बातमी असेल.

पुढच्या रविवारी बारसं आहे असं निशांत म्हणाला. नाव तेजस ठेवता आहात, छान आहे. मी मार्तंड मार्तंड करत होते ते सोडून दे. हे परत आलेले नाहीत. परत आलेलं कुणीच नाही, एक नवा मुलगा आला आहे आणि त्याचा हात दुखतो आहे. एवढं मला कळायला फार वेळ लागला.

कानात नाव सांगायला आत्याच्या जागी वन्संच असणार. त्या विषय काढतील. तू गप्प बसायचं. मी कोपऱ्यात बसेन, चार माणसं चार शब्द बोलतील, जेवून जातील. मला बोलावणं केलंस यातच सगळं आलं.

आई

&nbsp;

ओरछा गेट
९ फेब्रुवारी २०२६

अनुया,

आता तुझा फोन लागतो, तरी लिहिते. फोनवर मी भांडेन आणि तू ठेवून देशील. हे पत्र मी स्वतःच डब्यात घालून आणते आहे. मी गेल्यावर वाच.

तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?

इतकं नीट ठरवलं होतं मी. वन्संनी पाळण्यात नाव सांगितलं, "कुर्र" करून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघत नेहमीप्रमाणे सुरू केलं, बाई गं, आजीच्याच हातून व्हायचं होतं. मी मान खाली घालून बसले होते. मला ते जमत होतं. आणि तू पाळण्यातून बाळाला उचललंस, सगळ्यांसमोर त्याची बाही वर केलीस.

कोपरापासून मनगटापर्यंतची ती खूण मी पहिल्यांदा बघितली. मी स्वतःला सांगितलं होतं की दचकायचं नाही, पण दचकले.

तू म्हणालीस, "हे तो माझ्या पोटातून घेऊन आला. आईंनी मनगटी बांधली त्याच्या आधीपासून होतं. मनगटीने झालं नाही आणि ग्रहणानेही झालं नाही. डॉक्टर म्हणतात कुणाच्याच हातात नव्हतं. ज्यांना बोलायचंय त्यांनी मला बोला, आईंना नाही." तुझी मराठी आमच्यासारखी झाशीची नाही, शब्द न् शब्द खणखणीत पोचला. वन्संच्या हातातली घुगरी तशीच राहिली. तुझ्या आईचे डोळे भरले. निशांत दाराशी उभा होता, तो नुसता माझ्या शेजारी येऊन बसला.

आता त्या मागे काय बोलतील ते मी तुला सांगायला नको. माझं नाव मोकळं केलंस आणि स्वतःचं दिलंस. मला राग आला आहे तुझा. तो आज उद्या जाणारही नाही. आणि रात्रभर छाती भरून येत होती तेही लिहून ठेवते.

मग तू त्याला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "आई, व्यायामाची वेळ झाली." बायका बघत होत्या. मी त्याची पट्टी सोडली. कापसाच्या हातात आणि खऱ्या हातात काही म्हणता काही सारखं नाही. तो गरम होता, आणि तो मला ओळखत नव्हता. तो किंचाळला. वन्सं म्हणाल्या, "अगं सोड त्याला, दुखतंय." तू तोंड फिरवलंस. मी सोडलं नाही. एकेक बोट सरळ करून धरलं, जितकं धरायचं होतं तितकं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपणहून हलतात, ते मी बघितलं. मधलं जरासं. करंगळी आणि तिच्या शेजारचं नाही. डॉक्टर कौशिक म्हणतात, मोठा झाला की आणखी एखादं ऑपरेशन लागेल, हात किती चालेल ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. मलाही कुणी खोटं सांगू नये.

निघताना तू विचारलंस, मणी कुठे आहेत. मी म्हटलं, कशाला? तू म्हणालीस, "मोठा झाला, तोंडात घालायचं वय गेलं, की उजव्या हाताने एकेक उचलायला देऊ. जपून ठेवा." तेच करते आहे. दोनचार त्या दवाखान्याच्या कपाटाखाली गेले असतील, बाकीचे आहेत.

उद्यापासून सकाळ-संध्याकाळ मी येते. ऑटोचं जमवलं आहे. तू त्या वेळी आतल्या खोलीत जात जा, दार लावून घे, हवं तर मोठ्याने गाणी लाव. त्याला रडवायचं काम माझ्याकडे. थोडा मोठा होईल, मला बघून तोंड फिरवेल, तेव्हा त्याला माझ्याकडे यायला आग्रह करू नकोस. आणि कधी विचारलं त्याने, की लहानपणी माझा हात रोज कोण दुखवायचं, तर आजी म्हणून सांग.

आई